न पोतलेली भिंत

आमच्या तुमसरच्या घरी येणारा पाहुणा आधी चहा घेतो आणि मग स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीकडे बघतो. सगळे घर पांढऱ्या मातीने लख्ख पोतलेले आणि ती एकच भिंत उघडी, धानाच्या तणसाच्या काड्या बाहेर आलेली. पाहुणी असेल तर ती लगेच विचारते. पुरुष पहिल्या खेपेला गप्प बसतो, दुसऱ्या खेपेला विचारतो. मी उत्तर देत नाही. 'यायले विचारा,' म्हणते आणि आमच्या ह्यांच्याकडे हात करते. नऊ वर्षे झाली, माझे तेच चालू आहे.

हे समजायला आधी बाबुलाल दलाल सांगावा लागेल, आणि त्याच्याविषयी बरे बोलायची माझी अजून तयारी नाही.

बाबुलाल बाजाररस्त्यावर चहाच्या टपरीच्या बाकावर बसायचा. तेच त्याचे ऑफिस. बारा महिने काखेत छत्री, आणि डोक्याला इतके तेल की माशी बसली तर घसरून पडावी. शेत, घर, बैलजोडी, पोरीला स्थळ, काहीही विचारा, 'माझ्या नजरेत हाय' हे ठरलेले. विकणाऱ्याकडून दलाली घ्यायचा, घेणाऱ्याकडूनही घ्यायचा, आणि दोघांनाही सांगायचा, 'मी तुमचाच माणूस.'

आम्ही आंबागडचे, किल्ल्याच्या पायथ्याचे. सत्त्याहत्तर साली ह्यांना तुमसरला राइस मिलमध्ये पोती मोजायचे काम लागले आणि ह्यांच्या अंगात शहर शिरले. शहर म्हणजे काय, तर मिलचा भोंगा ऐकू येतो आणि बाजारातून जाणारी आंबागडची माणसे 'रामराम लक्ष्मणराव' म्हणतात. तेवढ्यासाठी ह्यांना घर हवे होते, आणि तेही बाजाररस्त्याला लागूनच.

घर माझी बांधी विकून येणार होते. माझ्या बापाने लग्नात मला बोडीखालची एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, दिली होती. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. त्या बोडीच्या पाण्यावर माझी बांधी कधी वाळली नाही. तिचे धान माझ्या नावाने साठवणीच्या वेगळ्या ढोलीत पडायचे आणि त्यातले पसाभर द्यायलाही मला कोणाला विचारावे लागत नव्हते. ती बांधी विकायला मी सहा महिने नाही म्हटले.

"अवं, पक्कं घर हाय," हे म्हणायचे. "पोरीले शाळा जवळ."

"भिंती पाह्यल्या का?"

"पाह्यल्या नं. हत्ती टेकला तरी हलत नाई."

मी स्वतः जाऊन बघायला हवे होते. पण आमच्यात बाईने नव्या घरात पहिला पाय टाकायचा तो कलश घेऊन, वास्तूच्या दिवशी. त्याआधी तिने उंबरठा ओलांडला तर घराला लाभत नाही म्हणतात. घर बघायचे पुरुषांनी. म्हणजे ज्याने जन्मात कधी भिंत सारवली नाही, त्याने भिंत बघायची, आणि जिचे हात तीस वर्षे मातीत, तिने अंगणाबाहेर उभे राहायचे. हे मला तेव्हा वावगे वाटले नाही. मीही तसलीच मूर्ख होते. मी बांधीच्या कागदावर अंगठा दिला.

अंगठा दिला त्याच चैत्रात एक गोष्ट झाली. दिवाळीसाठी किल्ल्याच्या डोंगरातून मी पांढरी माती खणून आणायची आणि बांबूची डाल भरून ठेवायची. ती डाल एक दिवस अर्धी दिसली. हे म्हणाले, "बाजूच्या कुंताबाईनं मागतली, देल्ली." कुंताबाईला विचारावे असे काही मला वाटले नाही.

वैशाखात वास्तू झाली. मी कलश घेऊन आत गेले तर सगळे घर ताजे पोतलेले. उन्हाळ्यात कोण घर पोततो? आणि पोतले होते पुरुषाच्या हाताने. बाईचा हात भिंतीवर गोल फिरतो, हा वर-खाली फिरला होता. मागच्या भिंतीवर तर मातीचे तीन थर. पण त्या पांढऱ्यात किंचित पिवळी झाक होती, आमच्या डोंगरातल्या मातीसारखी, आणि त्या झाकेने मी हुरळले. मला माहेरी आल्यासारखे वाटले. बाबुलाल दारात उभा राहून वास्तूचे लाडू हाणत होता. "वहिनी, एक पावसाळा माझ्या अंगावर," तो म्हणाला. "काही गळलं, काही पडलं, तं बाबुलाल हाय."

श्रावणात भिंतीला पोट आले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या दुपारी मी चुलीपुढून पाणी आणायला उठले आणि माझ्या पाठीमागे ती भिंत परसात कोसळली. आत पडली असती तर हे सांगायला मी राहिले नसते. खाली बघते तो पाया ओलाचिंब, शेजारच्या मोरीचे पाणी त्यात कित्येक वर्षे मुरत होते. भिंतीच्या पोटात उंदरांनी केलेली भोके, आणि त्या भोकांत तणस कोंबून वरून शेण लिंपलेले. त्यावर तीन थर पांढरी माती. माझी बांधी गेली होती ती ह्या तणसापायी.

मी तशीच पदर खोचून टपरीवर गेले.

"काहून रे बाबुलाल, पावसाळा तुह्या अंगावर होता नं? चाल, भिंत उभी कर."

"वहिनी, घर का मी बांधलं?" छत्री या काखेतून त्या काखेत गेली. "दलालाचं काम कागद होयेपरेंत."

"अन् लाडू खाऊन बोलला थे?"

"थे आपलं बोलाचं बोललो जी. शुभ कामात का वंगाळ बोलाव?"

त्या दिवसापासून मी त्याला सोडले नाही. दर बाजाराच्या दिवशी टपरीपुढे उभी राहून मी सगळ्यांना सांगायची, हा माणूस तणस भरून घरे विकतो. गिऱ्हाईक बसलेले असेल तर आवाज आणखी चढवायची. दोन गिऱ्हाइके माझ्यासमोर उठून गेली. बाबुलाल मान खाली घालून चहा प्यायचा. कधी तोंड उघडायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत बंद करायचा. मला वाटे, चोराला बोलायला जागाच नाही.

आणि घरी हे. "जाऊ दे नं व," म्हणायचे. "कायले तमाशा करून राहिली? मिलमधी लोक हासतात." भिंतीच्या जागी बांबूचा तट्टा बांधून आम्ही राहत होतो, तट्ट्यातून कुत्री आत यायची, पोरगी अंधार पडला की आत जायला घाबरायची, आणि ह्यांना मिलमधल्या लोकांच्या हसण्याची काळजी. मी मनात म्हणायची, नवरा भित्रा मिळाला. भित्रा! तेवढ्यावर भागले असते तर मी देवाला नारळ फोडला असता.

दसरा झाला आणि मी पंच बोलावले. म्हणजे गल्लीतले पाच-सहा जण आणि कृष्णराव गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, गल्लीत त्यांचा शब्द चालायचा. आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, सतरंजीवर सगळे बसले. बाबुलाल आला तो कोपऱ्यात टेकला. हे खांबाजवळ, मान खाली.

गुरुजींनी विचारले, "बाबुलाल, भिंतीची हालत तुले मालूम होती का?"

"होती जी."

"मंग लपवलं काहून?"

बाबुलालने ह्यांच्याकडे बघितले.

मी आत गेले आणि सूप घेऊन आले. सुपात माझ्या बांधीचे शेवटचे धान होते. तेवढे मी ठेवून दिले होते, कशासाठी ते मलाही माहीत नव्हते. सूप मी बाबुलालपुढे आदळले. आमच्याकडे धानात हात घालून कोणी खोटे बोलत नाही. बोलला तर त्याच्या घरचे अन्न आटते, असे सगळे मानतात, दलालसुद्धा.

"घाल हात," मी म्हटले. "अन् सांग, मी लपवलं नाई म्हणून. घाल, पाहू तं दे!"

मला वाटले, आता हा पळतो. मी तर जिंकल्याच्या तोऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी होते.

बाबुलालने छत्री बाजूला ठेवली आणि मनगटापर्यंत हात धानात घातला.

"मी लपवलं नाई," तो म्हणाला. "भिंत याच्या आंधी दोनदा पडली होती. घर सस्त्यात होतं थे त्याच्याच पायी. लक्ष्मणरावले मी उभं करून दाखवलं. हेच बोलले, घरी सांगू नको, तिले समजलं तं थे बांधी विकत नाई. तणस भर अन् पोतून घे. माणूस माझा होता वहिनी, माती त्यायनं आणली."

मला माझी अर्धी झालेली डाल दिसली. ज्या पिवळ्या झाकेवर मी हुरळले होते ती माझ्याच हातची होती. मी खणली, मी चाळली, आणि माझ्याच डोळ्यांवर फासली गेली.

मी सूप उचलले आणि खांबाजवळ नेऊन ठेवले. लग्नातल्या उखाण्यानंतर मी त्यांचे नाव कधी घेतले नव्हते. तेव्हा घेतले.

"लक्ष्मणराव, तुमी घाला हात. सांगा, हा खोटा हाय म्हणून."

ते धानाकडे बघत राहिले. हात गुडघ्यावरच होते. मी वाट बघितली, गुरुजींनी बघितली, सगळ्यांनी बघितली. शेवटी गुरुजी उठले आणि चपला शोधू लागले, मग बाकीचेही उठले.

जाताना बाबुलाल माझ्यापाशी थांबला. "दीड महिना शिव्या खाल्ल्या, वहिनी. शब्द देल्ला होता म्हणून बोललो नाई."

"अजून खा," मी म्हटले. "तणस कोंबणारा तुहाच माणूस होता. तू का धुतल्या तांदळाचा हायस?"

तो गेला. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी सपरीतून बाहेर जाणाऱ्या त्या तेलकट दलालाबद्दल मला जेवढी किळस वाटली, तिच्या दुप्पट आत बसलेल्याबद्दल वाटली. दलालाचा शब्द तरी टिकला होता.

भिंत आम्हीच उभी केली. पाया खणून, मोरी वळवून. चिखल ह्यांनी तुडवला, भर रस्त्यावर, धोतर गुडघ्यावर खोचून, आठ दिवस. आंबागडची माणसे बाजाराला जाताना थांबत आणि 'रामराम लक्ष्मणराव' म्हणत. मी चिखलात तणस टाकत होते.

दिवाळीला मी घर पोतले, ती भिंत सोडून. हे म्हणाले, "एवढी राह्यली." मी म्हटले, "राहू द्या. कोणी विचारलं तं तुमी सांगा, काहून राह्यली थे. खरं सांगतलं का त्याच दिवशी पोततो."

तेव्हापासून पाहुणे विचारतात आणि हे सांगतात. 'ओल हाय,' सांगतात. 'माती पुरली नाई.' 'बाईले बरं नव्हतं.' एकदा व्याह्यांना सांगितले, 'अशी भिंत ठेवली तं घर थंड राहाते.' मी चुलीपाशी बसून एकेक ऐकते. माणूस एवढ्याशा वाक्याला नऊ वर्षे घाबरतो, हे बघून मला कधी हसू येते, कधी संताप येतो.

मी मात्र बोललेला शब्द मोडलेला नाही. दर दिवाळीला पांढरी माती भिजवताना त्या भिंतीपुरती मी वेगळ्या मडक्यात भिजवते. चार दिवस वाट बघते. मग ते मडके परसात नेऊन रिकामे करते.