बाई बोलत नाही

अप्पांचं डोकं रस्त्यांच्या बाबतीत दगा द्यायला लागलं, तेव्हा थोरल्या लेकीने त्यांच्या गाडीत रस्ता सांगणारं यंत्र बसवलं. बाकी माणूस शाबूत होता हो. जन्मभर शिवणयंत्रं दुरुस्त करत हिंडलेले हात, गाडी लोण्यासारखी चालवायचे. फक्त वळण कुठलं घ्यायचं ते आयत्या वेळी सुटायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाउजेडी जा, जवळपासच जा आणि यंत्र लावून जा.

यंत्रावर घराचं चित्र होतं. ते दाबलं की आतून एक बाई बोलायची, डावीकडे वळा, उजवीकडे वळा, आणि अप्पा सुखरूप फाटकात. पुलापलीकडे त्यांचा जुना दोस्त होता, चष्मेवाला. त्याच्या दुकानामागे रोज दुपारी पत्त्यांचा डाव पडायचा. बायको गेल्यापासून अप्पांच्या जगण्यात एवढंच काय ते उरलं होतं, आणि तेही त्या बाईच्या भरवशावर. तुझ्या आईने एकदाही इतक्या शांतपणे रस्ता सांगितला नाही बघ, असं ते थोरलीला म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

थोरली विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची. म्हाताऱ्याच्या गाडीला कुणीही ठोकलं तरी खापर म्हाताऱ्याच्याच डोक्यावर फुटतं, हे तिने रोज डोळ्यांनी पाहिलेलं. पुरावा हाताशी असलेला बरा म्हणून तिने गाडीच्या काचेवर, यंत्राला खेटूनच, एक छोटा कॅमेरा बसवून घेतला. समोरचा रस्ता टिपणारा, आतला आवाज टिपणारा. स्वस्तातला होता, पण चित्र स्वच्छ यायचं. वडिलांच्या काळजीपोटीच केलं तिने, दुसरं काय!

आणि त्याच आठवड्यात अप्पा हरवले. चष्मेवाल्याकडून निघाले ते घरी पोचलेच नाहीत. संध्याकाळी एका पेट्रोल पंपवाल्याचा फोन आला. पुढच्या खेपेला तर थेट गावाबाहेरच्या गोदामांपाशी सापडले, गाडीची एक बाजू भिंतीला घासलेली. दोन्ही वेळा त्यांचं एकच पालुपद, बाई बोलत नाही.

थोरली काही अडाणी नव्हे. तिने यंत्र घरी आणलं, खिडकीत ठेवून चालू केलं. बाई खणखणीत बोलली. तिच्या नवऱ्याने, अप्पांच्या जावयाने, ते स्वतःच्या गाडीत लावून गावभर फिरवलं. तिथेही बाईची टकळी चालू! मग तिने कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. रिकामा रस्ता, आणि अप्पांचा आवाज.

"बोल गं बाई. कुठे वळू? माझं काही चुकलं का?"

थोरली ऐकता ऐकता रडली. त्या चित्रणात यंत्राचा आवाज कुठेच नाही हे तिच्याही लक्षात आलं होतं. पण तिने त्याचा अर्थ एवढाच लावला, की अप्पा आता चित्र दाबायलाही विसरतात. दाबलं होतं गं, असं ते कळवळून सांगत होते. डॉक्टरांनी चित्रण ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, यांच्याशी वाद घालू नका, हो ला हो करत जा. झालं! गाडी दुरुस्तीला टाकलीय असं अप्पांना सांगितलं आणि ती जावयाच्या दारात नेऊन उभी केली.

अप्पा सुरुवातीला भांडले. मग गाडीचं विचारायचे, मग तेही सोडलं. चष्मेवाला एकदोनदा येऊन गेला. पण दुकान टाकून तो तरी किती येणार? हळूहळू अप्पांना पटलं की सगळे म्हणताहेत म्हणजे आपणच दाबलं नसणार. एकदा ते पटल्यावर माणूस खचलाच. गॅस बंद केला का, आंघोळ झाली का, हेही दुसऱ्याला विचारायला लागले.

मग एक दिवस जावयाची गाडी बंद पडली म्हणून त्याने अप्पांची गाडी काढली आणि यंत्र लावलं. बाई मुकी. तो सगळी वाट शिव्या घालत गेला आणि परतताना गाडीच्या वायरमनकडे थांबला. वायरमनने कॅमेऱ्याची पिन उपटली, बाई बोलली. पिन घातली, बाई गप्प. असले हलके कॅमेरे लहरी सोडतात, त्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो, मग गाडी कुठे आहे तेच यंत्राला कळत नाही, असं तो सहज सांगून गेला. जावयाने घरी येऊन हे थोरलीला सांगितलं. बापाला आपण आपल्या हाताने वेडं ठरवलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कॅमेरा काढून फेकला, गाडी अंगणात आणली आणि अप्पांना हाताला धरून स्टिअरिंगपाशी बसवलं. सगळं सांगितलं. तुमचं काही चुकलं नव्हतं, माझंच चुकलं, असं म्हणाली. अप्पांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. लेक आपलं मन राखायला बोलतेय, असंच त्यांना वाटत होतं. गेले कित्येक महिने घरात सगळे तसंच तर बोलत होते.

तिने यंत्रावर पुलापलीकडचं दुकान लावलं. बाई लगेच बोलली, फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळा.

"ऐकलंत ना, अप्पा?"

अप्पांनी दोन्ही हात मांडीवरच ठेवले होते.

"आत्ता ती बोलतेय असं मला वाटतंय," ते म्हणाले. "तेव्हा ती बोलत नाही असं वाटत होतं. माझ्या वाटण्याचं काय धरायचं, बाळा?"

थोरलीने त्यांचा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवला, त्यांनी तो हळूच काढून घेतला. मग दार उघडून ते खाली उतरले. घर समोरच होतं, चार पावलांवर. तरी ते गाडीला धरून उभे राहिले, कुठे जायचं ते तिने सांगेपर्यंत.