जड पेटी उचलणारा माणूस

बावन्नाव्या वर्षी चष्मेवाल्याच्या अंगात कला शिरली. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि वेळ फार. त्याने संध्याकाळच्या ॲनिमेशनच्या वर्गात नाव घातलं आणि घरी जाहीर केलं, "आता माझ्या हातची चित्रं चालायला लागतील."

"आधी तुम्ही सोफ्यावरून हला," बायको म्हणाली.

पहिला धडा उसळत्या चेंडूचा. त्याचा चेंडू जमिनीवर पडला तो तिथेच चिकटला. दुसऱ्या खेपेला फुग्यासारखा तरंगत राहिला. वर्गातल्या बाकीच्यांनी, म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाच्या मंडळींनी, हसू दाबलं. तो स्वतः मात्र खो खो हसला. जन्मभर लोकांच्या चष्म्याच्या काचा घासल्या आणि साधा चेंडू कसा पडतो ते आपल्याला दिसू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चौथ्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी चित्रात हलवायला माणूस दिला. त्याने जड पेटी उचलायची. चष्मेवाल्याच्या माणसाने ती नाकावरचा चष्मा काढावा तशी अलगद उचलली.

"काका, पेटी रिकामी आहे का?" बाईंनी विचारलं.

"छे! पुस्तकांनी ठासून भरलीय."

"ते तुम्हाला माहीत आहे, त्याच्या कमरेला नाही. घरी खरंच काहीतरी जड उचला आणि कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा."

घरी पलंगाखाली पांघरुणांची लोखंडी पेटी होती. रविवारी सकाळी बायकोच्या हाती मोबाइल देऊन त्याने ती कशीबशी बाहेर ओढली, बाह्या सरसावल्या, गुडघे ताठ ठेवून कड्या धरल्या आणि हिसका दिला. पेटी जागची हलली नाही. चष्मेवाला मात्र मटकन खाली बसला.

"अगं, बंद कर ते!"

हसून हसून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मोबाइल त्याला देऊन ती पुढे झाली. पाय फाकवले, गुडघ्यांत वाकली, क्षणभर थांबली, अजून थोडी खाली गेली आणि एका दमात पेटी वर! पलंगाखालचं झाडायला ती दर शनिवारी हेच करायची, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आठवडाभर तो व्हिडिओ पुढे-मागे करत त्याने एकेक चित्र काढलं. वर्गात बाईंनी ते तीनदा लावलं.

"आता आलं वजन! कुणाला बघून काढलंत?"

"बायकोला."

"मग वर्गाला त्यांनाच पाठवायचं होतं ना!"

घरी येऊन त्याने तिलाही दाखवलं.

"माझी कंबर एवढी?"

"कलेत थोडं वाढवून दाखवावं लागतं."

"मग कला जरा कमी करा." तिने पुन्हा पाहिलं. "ही मध्येच थांबते कशाला?"

"तू थांबतेस. मोजून बारा चित्रं घातलीत तिथे. का थांबतेस गं?"

"तुम्ही हात लावायला याल असं वाटतं."

एरवी स्वतःवर विनोद करायला त्याला निमित्त लागत नसे. आता मात्र त्याने मोबाइल बाजूला ठेवला.

"काढू का पेटी बाहेर?"

"आत्ता नको, शनिवारी," ती म्हणाली. "आणि गुडघे वाकवून, बरं का!"