उष्ट्या पेल्याची करामत

करंजाडेतल्या त्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर जिवाणूबाबा, दोन घागरी आणि एक टोपली. रोग्याने पेल्यात नळीने फुंकायचं. पाणी दुधाळ झालं की अख्खा हॉल हात जोडायचा.

"हे तुमच्या आतड्यातले बॅड बॅक्टेरिया," बाबा डोळे मिटून सांगे. "यांनीच साखर वाढवलीय."

मग चमचाभर चूर्ण, नवा पेला, पुन्हा फुंकर. पाणी नितळ. "पोट शुद्ध. औषधं टोपलीत टाका."

तिसऱ्या रांगेत वसुंधरा दातओठ खात बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या भावाने, कृष्णकांतने, याच टोपलीत इन्सुलिन टाकलं आणि वर्षभरात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती दर्शनाला नव्हे, हिशेब चुकता करायला आली होती.

व्यासपीठावर करंजा गावची भीमाबाई उभी होती. तिचं दुसरं पाणी नितळ निघालं. "आता गोळ्या नाय लागनार ना, बाबा?" म्हणत तिने पाकीट टोपलीत टाकलं.

वसुंधरा ताडकन वर चढली. "बाबा, आता तुम्ही फुंका."

"आमचं पोट गंगाजळ आहे, ताई."

"मग घाबरता कशाला?"

"फुका की बाबा," भीमाबाई म्हणाली, "आमाला बी बगू द्या."

बाबाचा हात दुसऱ्या घागरीकडे वळला. वसुंधराने पहिलीतून पेला भरून त्याच्या तोंडाशी धरला. हॉलभर डोळे रोखलेले, बाबा करतो काय? फुंकलं. पाणी दुधाळ.

"अरेरे, बाबांच्या पोटात तर जंतूंची जत्रा भरलीय," ती म्हणाली. बाबाचा चेहरा पडला, तेव्हा तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

"ही चुन्याची निवळी आहे," तिने सांगितलं. "कुणाच्याही श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा करतात हा प्रयोग. दुसऱ्या घागरीत साधं पाणी आहे. उष्टा पेला पुन्हा तोंडाला लावायचा नाही ही आपली रीत, म्हणून पेल्याबरोबर घागरही बदलते हे कुणी विचारलंच नाही."

"मंग पोटात जंतू नायतच?" भीमाबाईने विचारलं.

"आहेत, मावशी, आणि साखरेशी त्यांचा संबंधही आहे. त्यातल्या चांगल्यांना भाकरी, कडधान्यं, पालेभाजी घाला. पण ते फुंकरीत दिसत नाहीत, आणि डॉक्टरांच्या औषधाची जागाही घेत नाहीत."

बाबा मागच्या दाराकडे सरकला. तिथे पोलीस उभे होते. तिनेच बोलावले होते.

वसुंधराने टोपली उचलून लोकांपुढे ठेवली. "माझ्या भावाचा पाय यात सापडायचा नाही. तुमच्या गोळ्या आहेत, त्या घ्या. आणि यापुढे चमत्कार दाखवणाऱ्याला आधी विचारा, दुसऱ्या घागरीत काय आहे?"

भीमाबाईने सगळ्यांच्या आधी टोपलीत हात घातला.