दोन पॅनेलं आणि वाचवलेले नऊशे

ही हकीकत एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. त्या वर्षी पावतीबाईंना एकसष्टावं लागलं होतं आणि गाडी चालवायला शिकून जेमतेम चौदा महिने झाले होते.

पावतीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पार्सल ऑफिसच्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि पावती दाखवल्याशिवाय सख्ख्या नवऱ्याचंही पार्सल सोडलं नाही, तेव्हा हे नाव पडलं. नवरा बिचारा घरी गेला, पावती घेऊन आला, मग त्याला त्याचेच बूट मिळाले. ही गोष्ट त्या सगळ्यांना सांगत, आणि बरीच वर्षं मान ताठ करून सांगत. ती मान ताठ करून सांगायची गोष्ट नाही, हे त्यांच्या ध्यानात यायला नवरा जावा लागला.

नवरा गेल्यावर त्या मुलाकडे राहायला आल्या. मुलाला ऑफिसची नवी गाडी मिळाली होती आणि जुनी गॅरेजमध्ये धूळ खात होती. पावतीबाईंनी ती चालवायचं मनावर घेतलं ते ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ती राहायची. जीभ शाबूत होती, गुडघे पार गेले होते. बसची पायरी तिला चढता येत नसे. पण मोटारीच्या सीटवर आधी बूड टेकलं आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला, की बसता येई. दर गुरुवारी पावतीबाई तिला घेऊन दोन तास हिंडत. तळ्याच्या कडेने, लाकडाच्या वखारीवरून, नव्या पुलापर्यंत आणि परत. ताई पुढच्या सीटवरून सगळ्या शहराची उलटतपासणी घ्यायची. "त्या कोपऱ्यावरच्या घराला अजून रंग नाहीच लावला मेल्यांनी!" आठवड्यातले हे दोन तास सोडले तर ताईला बाहेरची हवा लागत नसे.

मुलाने किल्ली देताना एकच अट घातली होती. "आई, एक ओरखडा जरी पडला, तर किल्ली माझ्याकडे. मग मावशीला मी नेईन." मावशीला तो कसा नेईल हे पावतीबाईंना ठाऊक होतं. आधीच्या वर्षी त्याने दोनदा नेलं होतं आणि अकरा वेळा त्याची मीटिंग निघाली होती.

त्या मंगळवारी मुलगा आणि सून विमानाने नऊ दिवसांच्या सहलीला गेले. गुरुवारी सकाळी पावतीबाई गाडीत बसल्या. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी निघण्याआधी तपासायच्या सात गोष्टी पाठ करून घेतल्या होत्या, आणि पावतीबाई त्या मोठ्याने म्हणत. इतर विद्यार्थी दोन महिन्यांत यादी विसरतात, या अजून म्हणतात, म्हणून मास्तर त्यांचं कौतुक करायचे. सीट. पट्टा. आतला आरसा. उजवा आरसा. डावा आरसा. हँडब्रेक. न्यूट्रल. आरसा नीट बसला आहे ना, हे त्यांनी पाहिलं. आरशात काय दिसतंय हे पाहायचं यादीत नव्हतं. सातच्या सात गोष्टी बिनचूक झाल्यावर त्यांनी समाधानाने रिव्हर्स टाकला आणि गॅरेजच्या बंद दारावर गाडी घातली.

गाडीला काही झालं नाही. तिचा मागचा बंपर जुन्या काळचा, भक्कम. दार मात्र पोटुशा बाईसारखं पुढे आलं. चार आडव्या पत्र्याच्या पॅनेलांचं ते दार. बटण दाबलं की कडेच्या रुळांवरून वर चढून छताखाली आडवं होणारं. खालची दोन पॅनेलं वाकली होती आणि एक चाक रुळाबाहेर लोंबत होतं.

समोरच्या घरातल्या काकू खिडकीत येऊन म्हणाल्या, "काय पडलं हो?"

"काही नाही, डबा!"

"केवढा होता?"

पावतीबाईंनी आत येऊन ताईला फोन लावला. "ताई, आज नाही जमायचं."

"का गं? धडकलीस?"

"छे, सर्दी झालीय."

"सर्दीत आवाज बसतो. तुझा चढलाय." मग ताई म्हणाली, "बरं. मी बूट घालून बसले होते, काढते."

ते बूट पावतीबाईंना दिवसभर दिसत राहिले.

शुक्रवारी दारवाला आला. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. डॉक्टर पाठ वाजवून बघतात तसं त्याने एकेक पॅनेल बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"गाडीने."

"गाडी एकटीच होती का?"

पावतीबाई पदराने बंपर पुसायला लागल्या.

"वरची दोन ठणठणीत आहेत," दारवाला म्हणाला. "खालची गेली. पण हा नमुना कंपनीने बंद केलाय. मुद्दाम करवून घ्यायची तर एकेकाचे अठ्ठेचाळीसशे आणि सहा आठवडे."

"मला सहा दिवस आहेत."

"मग अख्खं दार नवं घ्या. एकोणीस हजार. सोमवारी बसवतो."

"वरची दोन ठणठणीत आहेत म्हणता आणि त्यांचेही पैसे लावता?"

"मग तुम्हीच सांगा, बाई. खालची दोन रस्त्यावर ठेवू आणि वरची दोन हवेत?"

पावतीबाईंनी एकतीस वर्षं लोकांना खिडकीवरून परत पाठवलं होतं. एका दारवाल्यापुढे त्या हटणार होत्या थोड्याच! तासभर ताणल्यावर त्याच्याकडून निघालं, की त्याच्या शेडमध्ये एका उतरवलेल्या दाराची दोन पॅनेलं पडली आहेत. रुंदी हीच, खोबणी हीच. फक्त रंग तपकिरी, आणि आत थर्माकोल भरून दोन्ही बाजूंनी जाड पत्रा. दोन्ही मिळून तीन हजार, बसवायचे आठशे. पावतीबाईंनी ते बत्तीसशेवर आणलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"त्यात स्प्रिंग नाही हं," दारवाला म्हणाला.

"स्प्रिंग कसली?"

त्याने दाराच्या वरची आडवी, जाडजूड स्प्रिंग दाखवली. "दाराचं खरं वजन ही पेलते. मोटर नुसती बोट लावते. आता ही पॅनेलं भारी आहेत, जुनी स्प्रिंग पुरायची नाही. नवीचे नऊशे."

"मोडलीय का ती?"

"मोडली नाही. पण—"

"मोडली नाही ना? मग राहू द्या."

"बाई, दार जड होईल."

"जड झालं तर मोटर उचलेल. मी थोडीच उचलणार आहे?"

दारवाल्याने एक कागद काढून त्यावर लिहिलं, 'स्प्रिंग बदलायला सांगितले, गिऱ्हाईक नको म्हणाले', आणि खाली त्यांची सही मागितली. कागदपत्र चोख ठेवणारा माणूस पाहून पावतीबाईंना बरं वाटलं. त्यांनी खुशीत सही ठोकली.

सोमवारी पॅनेलं बसली. दाराचा वरचा अर्धा भाग क्रीम, खालचा तपकिरी. पावतीबाईंनी क्रीम रंगाचा डबा आणून दुपारभर खालचा भाग रंगवला. वाळल्यावर दिसलं, की दहा वर्षं ऊन खाल्लेला क्रीम आणि डब्यातला क्रीम यांचं काही नातंच नाही. मंगळवारी त्यांनी वरची दोनही रंगवली. स्टुलावरून उतरेपर्यंत कंबरेचा काटा ढिला झाला होता.

काकू खिडकीतून म्हणाल्या, "छान जमलंय! लांबून. आणि डोळे जरा बारीक केले की."

दार मोटरवर चढत होतं, पण दम्याचा रोगी जिना चढावा तसं. मध्ये थांबायचं, कण्हायचं, पुन्हा चढायचं. पावतीबाई खाली उभ्या राहून त्याला धीर देत. 'नवीन आहे, सवय होईल.' लोखंडाला सवय होते असं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्यांनी आधी दार उघडलं, मग सात गोष्टी म्हटल्या, आणि ताईला बाहेर काढलं. तळ्यापाशी गाडी उभी करून सगळं सांगून टाकलं. ताई इतकी हसली, की तिला पट्टा सोडावा लागला. मग डोळे पुसत म्हणाली, "बत्तीसशे घातलेस आणि नऊशेसाठी अडलीस? लहानपणापासून तू अशीच. अख्खा फ्रॉक शिवायचीस आणि बटणाला पैसे नाहीत म्हणायचीस."

"कळू द्यायचं नाही हं त्याला."

"मी कुणाला सांगणार? मला भेटायला येतं कोण?" ताईने तळ्याकडे पाहिलं. "पण तुझी किल्ली गेली ना, तर मी त्या खिडकीत बसून खालच्या सायकली मोजणार. गेल्या गुरुवारी मोजल्या. सव्वीस."

दुपारी चारला टॅक्सी आली. गॅरेजमधून स्वयंपाकघरात जायला आतून वाट होती, म्हणून सामान नेहमी तिकडूनच यायचं. पावतीबाई आत, गॅरेजमध्येच, हसरा चेहरा करून उभ्या होत्या. मुलाने बाहेरचं बटण दाबलं. दार कण्हत गुडघ्याएवढं वर आलं आणि थांबलं. मोटरमधून जळका वास सुटला. दाराखालून त्यांना मुलाचे बूट दिसत होते, एक पाऊल उंबऱ्याच्या आत. त्याने बॅग आत सरकवली आणि दार हाताने उचलायला वाकला. तेवढ्यात टॅक्सीवाल्याने सुट्ट्या पैशांसाठी हाक मारली, तसा तो मागे वळला. पाऊल बाहेर गेलं.

वर काहीतरी तटकन तुटलं. सगळं दार एकदम खाली आलं. बॅग निम्मी आत, निम्मी बाहेर, आणि मध्ये वहीसारखी चपटी.

पावतीबाई आतून दारावर हात आपटत राहिल्या. बाहेरून मुलगा ओरडला, "आई, मी ठीक आहे! तू ठीक आहेस ना?" तेव्हा त्या तिथेच फरशीवर बसल्या.

स्वयंपाकघराच्या टेबलाशी त्यांनी सगळं सांगितलं. रंगसुद्धा. दारवाल्याचा कागद पुढे ठेवला, आणि कुणी मागायच्या आत त्यावर गाडीची किल्ली ठेवली.

"ओरखडा नाही गाडीला," त्या म्हणाल्या. "पण ठेव तू. तुझा पाय तिथे होता. नऊशेसाठी मी तुझा पाय..."

मुलाने किल्ली उचलून खिशात घातली. "आई, तू दार तोडलंस याचं काही नाही गं. पण एक फोन नाही करता आला?"

"केला असता तर किल्ली मागितली असतीस."

"मागितलीच असती!"

"मग?"

मुलाने बायकोकडे पाहिलं.

सून शाळेत परीक्षा विभाग सांभाळायची. गुण कुठे द्यायचे आणि कुठे कापायचे, ते तिला नेमकं कळे. ती इतका वेळ चपट्या बॅगेतून कपडे ओढून काढत होती. एक कुस्करलेला डबा बाजूला ठेवून ती म्हणाली, "किल्ली दे त्यांची."

"अगं, काय बोलतेस?"

"आज सकाळी त्या दार उघडून गेल्या, मावशींना फिरवून आल्या, गाडी जागेवर लावली. चूक झाली, ती सुधारली. ड्रायव्हिंगचे गुण मी कापणार नाही. तुझा पाय जात होता तो गाडीने नाही, घासाघिशीने. ती बंद व्हायला हवी. आई, आजपासून या घरात येणाऱ्या कुठल्याही कारागिराशी तुम्ही पैशांचं बोलायचं नाही. एक अक्षर नाही. ते सांगतील ते द्यायचं."

"सांगतील ते?" पावतीबाई खुर्चीतून उठल्या. "अगं, लुटतील तुम्हाला!"

"लुटू देत."

"मग मी दिवसभर करू काय?"

"ठरवा. हे, नाहीतर किल्ली."

पावतीबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने खिशातून किल्ली काढून हातात धरली होती, पण देत नव्हता. भिंतीवरचं घड्याळ वाजलं. ताई या वेळी खिडकीत असेल, हे त्यांना ठाऊक होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. आयुष्यात इतका महागडा शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

शनिवारी दारवाला आला. अख्खं दार एकोणीस हजार, मोटर पासष्टशे. पैसे पावतीबाईंच्या पेन्शनमधून जायचे ठरले होते. जाताना त्याने ती रंगवलेली पॅनेलं पाहिली आणि म्हणाला, "ही भंगारात दोनशेला घेतो." बत्तीसशेला घेतलेली, वर दोन दिवस कंबर मोडून रंगवलेली पॅनेलं! पावतीबाईंनी तोंड उघडलं. सुनेने नुसती मान वर केली. पावतीबाईंनी तोंड मिटलं, आत गेल्या आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसल्या. घासलेलीच होती ती.

दारवाल्याचा पुढे चांगला जम बसला. तीन गाड्या झाल्या. तेव्हापासून तो स्प्रिंगचे पैसे वेगळे सांगत नाही, पॅनेलातच धरतो. समोरच्या काकू मुलीकडे राहायला गेल्या. तिथल्या खिडकीतून नुसती भिंत दिसते, अशी तक्रार त्यांनी पत्रातून कळवली. मुलगा सहा वर्षांनी नोकरी सोडून स्वतःच्या धंद्यात पडला आणि आता भाव करायला बायकोला पाठवतो. सून शाळेची मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. ताई आणखी सात वर्षं जगली, आणि त्या सात वर्षांत तिचे चारच गुरुवार चुकले. ती गेली तो मंगळवार होता.

पावतीबाईंनी शहात्तराव्या वर्षापर्यंत गाडी चालवली. ताई गेल्यावर तिच्या शेजारच्या खोलीतल्या बाई पुढच्या सीटवर बसायला लागल्या. त्या फार बोलत नसत, आणि कुणाच्या घराला नावंही ठेवत नसत. पावतीबाईंना त्याची सवय व्हायला बरेच गुरुवार लागले.