बुधवार दुपारची भूमिती

केजच्या पेठेत नागप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर. दुपारची जेवणं उरकली की नागप्पा आतल्या खोलीत लवंडायचे, त्यांचा मुलगा अमरनाथ माल बघायला नाहीतर कुणा गिऱ्हाइकाच्या लग्नाचा बस्ता पोचवायला बाहेर असायचा, आणि दोन ते चार या वेळात गादीवर सून बसायची. तिचं नाव रुद्राणी. लातूरच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि त्या चौदा वर्षांत तिने गणित शिकवलं ते फक्त आपल्या मुलीला, शिवानीला. सासरची माणसं वाईट नव्हती. दुकानाची सून नोकरीला जात नाही एवढंच त्यांना माहीत होतं, आणि रुद्राणीनेही ते कधी ताणलं नव्हतं.

सत्त्याण्णव सालच्या माघातली गोष्ट. वीज गेलेली. रस्त्यावर ऊन पसरलेलं, आणि दुकानात नव्या मांजरपाटाचा तो कोरा, खळीचा वास. शिवानी आठवीत होती, ती गादीवर पालथी पडून वहीत त्रिकोण काढत होती. तेवढ्यात फोन वाजला. रुद्राणीने रिसीव्हर कानाला लावला, खांद्याने दाबून धरला आणि मुलीला जे सांगत होती ते वाक्य पुरं केलं: "आता वरच्या टोकातून एक रेषा काढ. पायाला समांतर."

"हॅलो," ती मग म्हणाली.

पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता आणि लांबवर पिठाची गिरणी पुकपुकत होती.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"तेलगावला भावाला लावला होता," बाईमाणसाचा आवाज आला. "चुकून लागला वाटतं."

"हो, हे केज आहे. कापडाचं दुकान."

"बरं." पण बाईने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमी आत्ता ती रेघ काढाया सांगितली न्हवं, त्रिकोनाच्या शेंड्यातून. ती कशापायी काढत्यात?"

रुद्राणीला वाटलं, कुणी थट्टा करतंय. पण आवाजात थट्टा नव्हती.

बाईंचं नाव छबुबाई. चकलांब्याच्या पुढे एका वस्तीवर राहायच्या, गावच्या सरपंच होत्या. जागा बायकांसाठी राखीव निघाली, म्हणून नवऱ्याने उभ्या केलेल्या. ही सगळी ओळख पुढे हळूहळू झाली. त्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं: "मी आठवीत व्हते. मास्तरांनी फळ्यावर त्रिकोन काढला, वरून ती रेघ ओढली, अन् घंटा झाली. उद्या सांगतो म्हनले. दुसऱ्या दिशी मला हळद लागली. सव्वीस वर्सं झाली बाई. भाकरी थापताना कधीमधी मनात येतं, त्या रेघेचं पुढं काय झालं असंल."

रुद्राणीने खांद्यावरचा रिसीव्हर हातात घेतला. मग म्हणाली, "जवळ काही आहे का, काढायला?"

"चुलीतला कोळसा हाय. फरशी हाय."

"मग काढा त्रिकोण."

हातात खडू नव्हता, समोर फळा नव्हता, आणि शिकणारी बाई शंभर किलोमीटरवर. बोट दाखवून 'हा कोन' म्हणायची सोय नव्हती. रुद्राणीने डोळे मिटले. मिटल्याबरोबर तिला ती फरशी दिसली, काळसर, पुसून लख्ख केलेली, तिच्यावर वाकलेली एक उंच, भरदार बाई, आणि कोळशाची ओली वाटावी इतकी काळी रेघ.

"समांतर म्हणजे कशा, माहीत आहे?"

"तिफनीचे तास जसे."

"अगदी तसे. आता पेरलेल्या रानातून तिरपी पायवाट गेली, तर प्रत्येक तासाला ती सारखीच तिरपी छेदते की नाही?"

"छेदती. वाट काय तासातासाला वाकत न्हाई."

"त्रिकोणाची डावी बाजू ही तुमची पायवाट. खाली पायाशी तिचा जो कोन, तोच वर रेघेशी. उजवीकडंही तसंच. म्हणजे खालचे दोन कोन वर जाऊन शेंड्याच्या कोनाच्या दोन्ही अंगांना बसले."

पलीकडे कोळसा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"तिनी मिळून रेघ भरली," छबुबाई म्हणाल्या. "सगळी. कुठं फट न्हाई."

"हो. म्हणून तिन्हींची बेरीज दोन काटकोन. त्रिकोण कुठलाही घ्या."

कोळसा पुन्हा फरशीवर घासू लागला, दुसऱ्या त्रिकोणासाठी. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. शिवानी मान वर करून आईकडे बघत होती. "कुणाचा होता गं?" तिने विचारलं. "चुकून लागला होता," रुद्राणी म्हणाली.

पुढच्या बुधवारी त्याच वेळेला फोन आला. "बाई, मी छबुबाई, ती त्रिकोनवाली. मागल्या बारीला चुकला तसाच मुद्दाम चुकवून लावला. आज मालक तालुक्याला गेलेत. त्याच्या फुडचं काय असतंय?"

अशा रीतीने बुधवार सुरू झाले. छबुबाईंचे मालक बजरंगराव दर बुधवारी गेवराईला जायचे. ओसरीवरचा फोन त्यांनीच पुढारीपणासाठी घेतलेला, दुपारभर रिकामाच असायचा. रुद्राणी आता आठवडाभर मनातल्या मनात तयारी करायची. फोनवर डोळ्यांचं काम सगळं हातांवर टाकावं लागतं, हे तिच्या ध्यानात आलं. मग ती कणीक मळताना, कापड मोजताना, केस विंचरताना अशा गोष्टी शोधू लागली ज्या कुणालाही नुसतं ऐकून करता येतील. वर्तमानपत्राचा त्रिकोण फाडा, त्याचे तिन्ही कोपरे तोडा, एकमेकांना लावून ठेवा. ओढणीला... नको, छबुबाई कुठली ओढणी घेणार. पदराचं टोक खिळ्याला बांधा आणि पदर ताणत गोल फिरा. परातीभोवती सुतळी गुंडाळा, मग तीच सुतळी परातीच्या मधोमध आडवी लावून बघा, किती वेळा मावते. "तीनदा, अन् वर जराशी उरती," छबुबाई सांगायच्या. मग तांब्या आणायच्या, मग डबा, मग टोपलं. "बाई, सगळ्यालाच जराशी उरती," त्या एकदा म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका हळू झाला की रुद्राणीला रिसीव्हर कानात दाबावा लागला.

त्या आवाजातून रुद्राणीने त्यांचं सगळं घर उभं केलं होतं. पूर्वेला दार. दारात कडुनिंब, कारण वाऱ्याबरोबर बारीक पानांची सळसळ यायची. डाव्या हाताला शेळ्या. ओसरी लांबच लांब, तिला निळा रंग, का कोण जाणे. रात्री झोपेत ती त्या ओसरीवरून चालत जायची आणि फरशीवर कोळशाने काढलेल्या वर्तुळांत पाय पडणार नाही अशी जपून पावलं टाकायची. सकाळी उठून चहा ठेवताना तिचे तळवे गार लागायचे.

दुसऱ्या महिन्यात छबुबाईंकडे शेजारच्या भिवराबाई येऊन बसू लागल्या. साठीच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. मग आणखी दोघी आल्या. रिसीव्हर एकीच्याच कानाला लागतो, म्हणून छबुबाईंनी तो तांब्याच्या रिकाम्या हंड्यात ठेवला. हंड्यातून रुद्राणीचा आवाज घुमून ओसरीभर जायचा. "विहिरीतून बोलल्यावानी वाटतंय," भिवराबाई म्हणाल्या. आणि रुद्राणीला इकडे चौघींची हसणी एकात एक मिसळून, तांब्याचा नाद घेऊन ऐकू यायची.

एका बुधवारी तिने दोराचा धडा सांगितला. दोराला सारख्या अंतरावर गाठी मारा, बारा घरं पाडा, टोकं जोडा. मग तिघींनी धरायचा: एका बाजूला तीन घरं, दुसऱ्या बाजूला चार, उरलेली पाच तिसऱ्या बाजूला. ताणला की तीन आणि चार जिथं भेटतात तिथं काटकोन. "काटकोन तपासायला गवंड्याच्या गुण्याची गरज नाही," ती म्हणाली.

त्यानंतर फोन यायचा बंद झाला.

एक बुधवार गेला, दुसरा गेला. निवडणुकीचे दिवस होते. ओसरीवर माणसांची वर्दळ असणार, फोन बजरंगरावांच्या हातात असणार, हे रुद्राणीला कळत होतं. तरी ती दोन वाजता रिसीव्हर उचलून बघायची. सलग एकसुरी आवाज यायचा, म्हणजे लाइन चालू आहे. ती तो ऐकत राहायची. आतून नागप्पांनी एकदा विचारलं, "त्या बाईंचा फोन नाही का आला?"

रुद्राणी चपापली. आप्पा रोज झोपलेले असतात असं ती समजत होती.

"नाही आप्पा."

"हं," ते म्हणाले. "परातीचं पुढं ऐकायचं राहिलं."

तिसऱ्या बुधवारनंतर, भलत्याच दिवशी, सोमवारी सकाळी फोन आला. छबुबाई घाईने बोलत होत्या. वस्तीवर शाळेची नवी खोली बांधायला घेतली होती. पायाच्या रेघा चुन्याने टाकलेल्या. सरपंच म्हणून नारळ फोडायला त्यांना नेलं होतं. नारळ फोडून झाला आणि त्यांना वाटलं, कोपरा नीट नाही.

"डोळ्यालाच खुपला बाई. मी भिवराबाईला म्हनलं, घरनं दोर आन."

बद्रीनाथ गवंडी आधी हसले. जुनं जाणतं माणूस, या भागातल्या निम्म्या घरांचे कोपरे त्यांच्या हातचे. पण सरपंचीणबाई वाकून दोर ताणतायत म्हटल्यावर तेही वाकले. तीन घरं एका रेघेवर नीट बसली, चार दुसऱ्या रेघेवर बसेनात. वीतभर बाहेर गेली. बद्रीनाथांनी आपला गुण्या लावला, उलटा करून लावला, आणि तो कुठेतरी पडून वाकला असल्याचं त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पायाने चुना पुसला.

"अन् बजरंगराव?" रुद्राणीने विचारलं.

"उभेच व्हते. घरी येऊन जेवले. पानावरून उठताना म्हनले, हे कुठं शिकली. मी म्हनलं, फोनवर. हात धुऊन आले. मग म्हनले, बुधवारी दुपारी फोनला कुनी हात लावायचा न्हाई, मी सांगून ठिवतो." छबुबाई थांबल्या. "बाई, येकदा या की तुमी. तुमचं तोंड तरी बघू."

चैत्रात गेवराईकडे एका गिऱ्हाइकाचं लग्न निघालं, अमरनाथला तिकडे बस्ता पोचवायचा होता. नागप्पाच म्हणाले, "सुनेला घेऊन जा. तिची माणसं आहेत तिकडं." 'तिची माणसं' हे शब्द रुद्राणीच्या मनात एसटीभर वाजत राहिले.

गेवराईहून जीपने चकलांबा, तिथून वस्तीपर्यंत पायी. घर दिसलं आणि रुद्राणीची पावलं मंदावली. दार पश्चिमेला होतं. कडुनिंब नव्हता, शेवग्याचं झाड होतं. ओसरी चार पावलांची, पांढरी. आणि दारात उभी होती ती उंच भरदार बाई नव्हतीच. बुटकी, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई, दोन्ही हात पदराला पुशीत.

"या," छबुबाई म्हणाल्या.

चहा झाला. अमरनाथ आणि बजरंगराव अंगणात बाजेवर बसून कापसाचं बोलू लागले. ओसरीवर या दोघी, शेजारी भिवराबाई.  रुद्राणीने शेवग्याची चौकशी केली. छबुबाईंनी प्रवासाची. ज्या बाईच्या श्वासावरून तिला उत्तर आलं की नाही ते रुद्राणीला कळायचं, तिच्याकडे बघायचीसुद्धा तिला चोरी वाटत होती. छबुबाई तर सारख्या तिच्या साडीच्या काठाकडेच पाहत होत्या.

शेवटी छबुबाई उठल्या. "भाकरी टाकते," म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. मधे भिंत आली. थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा थपथप आवाज सुरू झाला, आणि त्यातून नेहमीचा तो आवाज आला: "बाई, गोलात त्रिकोन काढला, तर त्याचा सगळ्यात मोठा कोन कोनता ऱ्हाईल ते आपल्या हातात असतंय का?"

रुद्राणीने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "एक बाजू गोलाच्या मधल्या बिंदूतून जाऊ द्या," ती म्हणाली. "आरपार. मग तिसरं टोक गोलावर कुठंही ठेवा."

"कुटंबी?"

"कुठंही. आणि कोन बघा."

थपथप थांबली. भिवराबाईंनी पुढे सरकून फरशीवर बोटाने पाण्याचा गोल काढला. मग त्या आतून, या बाहेरून, असं बोलणं सुरू झालं ते भाकऱ्या होईपर्यंत चाललं. तिसरं टोक इकडे सरकव, तिकडे सरकव, काटकोन काही जागचा हलेना. ओसरी पांढरी होती की निळी, हे रुद्राणी विसरून गेली. अंगणातलं कापसाचं बोलणं कधी थांबलं, तेही तिला कळलं नाही.

परतताना एसटीत अमरनाथ बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. काढणी झालेली रानं, कडब्याच्या गंजी मागे जात होत्या.

"तू असं बोलतेस," तो म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं."

रुद्राणी मागे रेलली. तिला झोप येत होती, छान, जड. मान त्याच्या खांद्यावर कलली तेव्हा त्याने बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला जागा करून दिली.

जूनमध्ये छबुबाईंनी शाळेत न जाता परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. पुढच्या मार्चला दहावीच्या परीक्षेला बसल्या. निकाल लागला त्या दिवशी फोन आला. गणितात त्र्याहत्तर, इंग्रजीत नापास.

"इंग्रजी परत देते," त्या म्हणाल्या. त्यांना फारसं वाईट वाटलेलं नव्हतं. "बरं, ते ऱ्हाऊ द्या. हितं भिवराबाई बसलीय. तिला इचारायचंय, सूर्य किती लांब हाय."

हंड्यात रिसीव्हर ठेवल्याचा नाद झाला. रुद्राणीला आकडा पाठ होता. तो सांगितला असता तर भिवराबाईंनी मान डोलावली असती आणि विषय संपला असता. पण तो मोजला कसा, माणूस तिथे न जाता, आणि ते सुतळी-परातीने दाखवायचं कसं, हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"भिवराबाई," ती म्हणाली, "ते मला आधी शिकावं लागेल."

"शिका की मग," हंड्यातून आवाज आला. "आमी हावोत."