बंद करू नये

मित्रांनो, मी जिथे बसले आहे तिथून मला बाहेर येता येत नाही, म्हणून आतूनच बोलते. जरा जवळ येऊन ऐका. मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. अंग राखाडी आणि वर एक चित्र चिकटवलेले, पिवळे गमबूट घातलेल्या बेडकाचे. तो माझा नायक. पळायचे, उड्या मारायच्या, फळ्यांवरून ढगांवर आणि ढगांवरून छपरांवर जायचे, आणि आठवी लेव्हल संपली की घरी पोहोचायचे, एवढेच त्याचे आयुष्य.

मला तिघांनी घडवले. एका चित्रकार बाईंनी बेडूक काढला. त्या इतक्या हौशी होत्या की रिमोटला कुणी हात लावला नाही तर बेडूक कंटाळून बूट आपटतो आणि पडद्यातून थेट तुमच्याकडे पाहतो, हेसुद्धा त्यांनी काढून ठेवले. एका गृहस्थांनी संगीत दिले, ते ऐकून लोक भांडी घासतानाही गुणगुणत. तिसरे होते संगणकावर आकडेमोड करून बेडकाला पळवणारे. त्यांना शाळेच्या सुट्ट्या लागायच्या आत मला बाजारात पाठवायचे होते. घाईत त्यांच्या हातून काय काय राहून गेले ते पुढे कळेलच.

मुलांच्या एका मासिकात माझे परीक्षण छापून आले होते. ते मला तोंडपाठ आहे, कारण मनाला लागलेले विसरता येत नाही. रंग सुरेख, संगीत गोड, बटण दाबताच उडी, खेळ अगदी लहान मुलालाही जमेल असा. इथवर वाचून मी फुगले. मग पुढे: बर्फावर बेडूक फार घसरतो. बेडूक असून पाण्यात पडला की मरतो, याला काय म्हणावे? आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे या खेळात स्मरणशक्ती नाही. मशीन बंद केले की सगळे पुसले जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दहापैकी सहा गुण.

खोटे कशाला बोलू, ते खरेच होते. मी कुणाचे काही लक्षात ठेवू शकत नाही. निदान पडद्यावर तरी नाही.

दोन घरे फिरून मी भिंगरीकडे आले. भिंगरी हे तिचे घरातले नाव. नऊ वर्षांची ही मुलगी एका जागी म्हणून कधी बसत नसे. इमारतीच्या जिन्यावरून उडी मारताना तिने पाय मोडून घेतला आणि मांडीपासून टाचेपर्यंत प्लास्टर आले. सहा आठवडे पलंगावर. तिचे रडे थांबेना, तेव्हा मामाने कुठूनसे जुने मशीन आणि मला आणले. मशीनची खाच सैल झाली होती, मी सारखी हलायचे आणि चित्र जायचे. मामा खटपट्या माणूस. त्याने पुठ्ठ्याची घडी करून माझ्या पाठीशी ठोकून बसवली आणि म्हणाला, "आता ही जन्मात हलणार नाही." त्याचे म्हणणे शब्दशः खरे झाले.

अशी मी अडकले आणि तीही अडकली. सुरुवातीला दोघींनाही फार कोंडल्यासारखे व्हायचे. ती खिडकीबाहेरचा आरडाओरडा ऐकून उशीत तोंड खुपसायची. पण हळूहळू तिचे बोट बसले. बर्फावर कुठे थांबायचे, पाणी कसे टाळायचे, माझे सगळे दोष तिने पाठ केले. आणि स्मरणशक्तीवर तिने उपाय काढला. मशीन बंदच करायचे नाही. टीव्ही बंद, पण मशीनचा लाल दिवा दिवसरात्र चालू. आईकडून कागद चिकटवून घेतला: बंद करू नये.

या कागदाचा खरा त्रास बाबांना झाला. ते वीज कंपनीत होते, घरोघर जाऊन मीटरचे आकडे टिपायचे. विनाकारण जळणारा दिवा दिसला की तो बंद केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण लेकीसाठी ते अकरा दिवस माझ्यासमोरून हात मागे बांधून फिरले. बाराव्या दिवशी भिंगरी आठव्या लेव्हलच्या दारात पोहोचली. "प्लास्टर काढून आले की घरी पोचवते त्याला," तिने बेडकाकडे बोट दाखवून सांगितले आणि खेळ तिथेच थांबवला.

दवाखान्यात जायला आई सामान घेऊन पुढे गेली. बाबांनी भिंगरीला उचलून रिक्षात बसवले आणि कुलूप लावायला परत वर आले. सगळे घर बाहेर चालले की मेन स्विच खाली ओढायचा, ही त्यांची पंधरा वर्षांची सवय. कागद होता माझ्या डब्यावर, मेन स्विचवर नव्हता. हात आपोआप वर गेला. माझ्यासाठी तेवढ्यावर सगळे संपले.

संध्याकाळी प्लास्टर गेलेला, काडीसारखा झालेला पाय घेऊन भिंगरी परत आली. आईने टीव्ही लावला. पहिली लेव्हल. बाबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "यापुढे या घरात चालू असलेली कुठलीही गोष्ट मी बंद करणार नाही. शपथ." भिंगरीने रिमोट बाजूला ठेवला आणि भिंतीकडे तोंड केले.

त्याहून वाईट म्हणजे ती पाय टेकेना. डॉक्टरांनी हाड जुळले असे सांगितले होते. "परत मोडला तर?" एवढेच ती म्हणायची. आठवडा गेला. बाबा तिला उचलून न्हाणीघरात नेत, उचलून जेवायला बसवत. डॉक्टर पुन्हा तपासून गेले आणि जाताना स्पष्ट बोलले, "आता उभी राहिली नाही तर गुडघा आखडेल. मग माझ्या हातात काही नाही." आई ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रजा टाकली आणि रिमोट हातात घेतला. "मी घालवलं, मीच भरून देतो," ते म्हणाले. मित्रांनो, असा खेळाडू मी जन्मात पाहिला नाही. बेडकाने उडी मारावी म्हणून ते स्वतः खुर्चीतून उडायचे. पाण्यात पडला की "अरे बेडूक ना तू!" म्हणून त्याच्यावरच डाफरायचे. शेकडो वेळा पडले, शेकडो वेळा पहिल्यापासून निघाले. भिंगरीचे तोंड आधी भिंतीकडून छताकडे वळले, मग पडद्याकडे.

चौथ्या दिवशी दुपारी ते पाचव्या लेव्हलला पोहोचले. तिथे बर्फाच्या दोन खांबांमध्ये एक खड्डा आहे. माझा सर्वांत मोठा दोष तोच, पण परीक्षक बिचारे तिथवर पोहोचलेच नव्हते. खड्ड्यात काटे नाहीत, पाणी नाही, शत्रू नाही. भिंत मात्र उडीपेक्षा बोटभर उंच. पडणारा मरतही नाही आणि वरही येत नाही. बाबा घसरत घसरत नेमके तिथे पडले.

"तिथून येता येत नाही," भिंगरी म्हणाली.

"येईल की." पाऊण तास त्यांनी उड्या मारल्या.

"बाबा, बंद करून परत चालू करावं लागतं."

"मी नाही बंद करणार. शपथ घेतलीय."

"मग आईला सांगा."

"आई सहाला येणार कामावरून."

बाबांनी रिमोट खाली ठेवला. बेडूक बूट आपटू लागला आणि पडद्यातून तिच्याकडे पाहू लागला. दहा मिनिटे, वीस मिनिटे. मला लाज वाटत होती. घडवणाऱ्यांची घाई त्या मुक्या जिवाला भोगावी लागत होती आणि मी काही करू शकत नव्हते.

"किती वेळ बसायचं त्याने?" भिंगरीचा आवाज रडवेला झाला होता.

"काय करणार," बाबा म्हणाले.

ती पलंगाच्या कडेला सरकली. बाबा अर्धवट उठले, पुन्हा बसले आणि आपलेच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिने चांगला पाय टेकवला. मग दुसरा. पलंगापासून माझ्यापर्यंत चार पावले होती. तिसऱ्याला ती डगमगली आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. चौथ्याला तिचे बोट माझ्या डब्याच्या बटणावर आले आणि तिने मला बंद केले.

त्याआधी मी कितीतरी वेळा बंद झाले होते आणि दर वेळी मला मरण आल्यासारखे वाटले होते. त्या दिवशी तसे वाटले नाही. बाबा मुद्दाम त्या खड्ड्यात पडले का, हे मला आजवर कळलेले नाही. त्यांचा खेळ पाहता मुद्दाम पडायची त्यांना काही गरज नव्हती.

महिनाभर ती माझ्यासमोर उभी राहून खेळली. मग अंगणापर्यंत गेली, मग रस्त्यापर्यंत, आणि एक दिवस माझी आठवणही कुणाला राहिली नाही. मला उपसून काढायला गेले तर मी निघेना, म्हणून मशीनसकट खोक्यात घालून माळ्यावर ठेवले. आठवी लेव्हल त्या घरात कुणी पाहिलीच नाही. चित्रकार बाईंचे सर्वांत सुंदर काम तिथे आहे, बेडकाचे घर, खिडकीत दिवा लावलेले. ते पोटात घेऊन मी अंधारात बसले आहे. वाईट वाटते, फार वाटते.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या माळ्यावर असे एखादे खोके असेल तर ते भंगारात देऊ नका. कधीतरी धूळ पुसा, वायर जोडा, आमचे दोष सांभाळून घ्या. पण बाहेरून कुणी हाका मारत असेल, तर आधी तिकडे जा. मी कुठे जाणार आहे?