तेहेतीस नव्हे, अठरा!

मी एक जुना तापमापक आहे. काचेची नळी, तिच्यात पारा, मागे लाकडी पट्टी, आणि त्या पट्टीचाही एक टवका उडालेला. पण मित्रांनो, रूपावर जाऊ नका. एका घराचे अडलेले गाडे मी मार्गी लावले आहे.

माझे तारुण्य रोपवाटिकेत गेले. नाना तिथे माळी होते. बाहेरून रोप आले की ते आधी विचारत, "हे किती उंचीवर वाढलंय?" मग त्याला त्याच्या गावची हवा देत आणि आठवड्याला एकेक अंश बदलत इथली सवय लावत. माझ्या शब्दाबाहेर ते कधी गेले नाहीत. पुढे लुकलुकत्या आकड्यांचे नवे यंत्र आले आणि मी सुतळीच्या गुंड्यांबरोबर खणात जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो! निवृत्त होताना नानांनी मला घरी आणून भिंतीवर लावले. सूनबाईंनी माझ्याच खिळ्याला छत्री अडकवली. मी अपमान गिळला.

मग घरात छोटी आली. नानांच्या मुलाने आणि सुनेने दत्तक घेतलेली, दूरदेशी जन्मलेली पाच वर्षांची मुलगी. तिचा देश उष्ण, एवढेच सर्वांना ठाऊक होते. इथे तर हिवाळा सुरू होता. तिचे बाबा बसचालक. कामावर निघण्याआधी ते रोज त्या देशाच्या राजधानीचे तापमान मोठ्याने वाचत.

"तेहेतीस! पोरीला गारठू देऊ नका हं!"

की लगेच खिडक्या बंद, हीटर सुरू आणि छोटीच्या अंगात दोन-दोन स्वेटर. छत्रीआडून मी जीव तोडून सांगत होतो, पण ऐकतो कोण?

छोटी अर्धे ताट टाकून उठे आणि दारापाशी उघड्या फरशीवर जाऊन बसे. आईने मांडीवर घेतले की अंग सोडवून पळे. तीन महिने असेच गेले. एका दुपारी आईचा धीर सुटला. "तिला परत जायचंय, नाना. मी तिला नकोच आहे."

बाहेर एक चक्कर मारावी म्हणून नानांनी छत्री काढली आणि त्यांना मी दिसलो. एकतीस!

"सूनबाई, पोर राजधानीत जन्मलीय का?"

"नाही, कुठल्यातरी डोंगरातल्या गावात."

"किती उंचीवर?"

हे कोणी पाहिलेच नव्हते. आईने दत्तकाची कागदपत्रे काढून गावाचे नाव शोधले, मग मोबाइलवर माहिती पाहिली. गाव समुद्रापासून अडीच हजार मीटर उंच! बारा महिन्यांच्या तक्त्यात भर दुपारचा पाराही एकोणिसाच्या वर जात नव्हता.

तेवढ्यात बाबा घरी आले. तक्ता पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी पोरीला उकडून काढत होतो!"

हीटर बंद झाला. खिडक्या सताड उघडल्या. मीही कसूर केली नाही. सव्वीस, बावीस, अठरा! आता स्वेटर बाबांच्या अंगात, मफलर नानांच्या गळ्यात आणि छोटी बिनबाह्यांच्या झग्यात. तिने ताट चाटूनपुसून साफ केले आणि आणखी मागितले. मग ती आईकडे चालत गेली, तिचे गारठलेले हात आपल्या गालांवर दाबले आणि मांडीत ठाण मांडून बसली.

"आई, गार गार!"

आई हसत होती, रडत होती आणि कुडकुडतही होती. माझ्या साऱ्या आयुष्यात मला इतका आनंद झाला नव्हता.

मग नानांनी रोपांची रीत धरली. आठवड्याला एकच अंश. आज मी तेवीस दाखवतो आहे आणि मांडी काही सुटलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी दुरून आले आणि अंग चोरून बसले, तर ते तुमच्यावर रुसले आहे असे ठरवून मोकळे होऊ नका. त्याच्या गावी दुपार कशी असते, ते आधी त्याला विचारा. आणि खिडकी उघडायला तीन महिने लावू नका.